उचललेला भंडारा

महानंदानं आयुष्यात देवाची शपथ एकदाच घेतली, आणि तीही दुसऱ्याच्या देवाची.

एरवी शपथा-नवसांच्या नावानं नाक मुरडणारी बाई. सोलापुरात सात रस्त्याजवळ एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर ‘सोबत मानवी हक्क केंद्र’ होतं, तिथं ती ऐन तारुण्यात कामाला लागली आणि तिथंच तिचे केस पांढरे झाले. अंगात येणाऱ्या बायकांना डॉक्टरकडं ने, कुणाची जट कापून दे, अंगारे वाटणाऱ्या भगताशी भर बाजारात भांड, हे तिचं सुरुवातीचं काम. आणि अशा बाईनं पाच वर्षांपूर्वी मैंदर्गीच्या माळावर, बिरोबाच्या दगडापुढं बसून मूठभर भंडारा उचलला. सगळी धनगरवस्ती बघत होती. हात पिवळेधमक झाले होते, आणि तिच्या मनात येत होतं, केंद्र चालवणाऱ्या शरणबसव सरांनी हे पाहिलं तर काय म्हणतील!

पण इलाज नव्हता. त्या वस्तीतल्या मायाक्काचा थोरला पोरगा सिदू, मिसरूड फुटलेला, पाण्याची मोटर चोरल्याच्या संशयावरून जिल्ह्यातल्या एका पोलीस ठाण्यात नेला गेला. मायाक्का पाठोपाठ गेली आणि ठाण्याच्या मागच्या खिडकीखाली दिवसभर बसून राहिली. तिनं ऐकलं, आणि दोनदा टाचा उंचावून पाहिलंही. संध्याकाळी सिदूला बाहेर आणलं ते उचलून. दवाखान्यात त्याचा जीव गेला, आणि कागदावर मरणाचं कारण म्हणून आजार लिहिला गेला. मोटर पुढं एका विहिरीत सापडली, पण तोवर उशीर झाला होता.

केंद्राला हे कळलं आणि महानंदा माळावर गेली. तक्रार लिहून तयार होती, फक्त अंगठा हवा होता. मायाक्का अंगठा देईना.

“कागदावर माजा इश्वास न्हाय,” ती म्हणाली. “पोराला न्हेलं तवाबी त्यांनी कागदच दावला हुता. तुजा कागद निराळा हाय, ह्ये मी कसं वळकू? भंडारा उचल.”

“काय म्हणून उचलू?”

“मी खरं बोलीन म्हणून मी उचलते. तू मला मधीच सोडणार न्हाईस, दर तारखेला माज्याजवळ उबी ऱ्हाशील, म्हणून तू उचल.”

दोघींनी उचलला. त्या लोकांत एकदा भंडारा उचलला की विषय संपला. बांधाची भांडणं, मेंढरांच्या वाटण्या, सगळं तिथंच मिटतं, कारण उचललेला शब्द खाली ठेवायची सोय नसते. महानंदाला हे ठाऊक होतं. पण तेव्हा तिला वाटलं, आपण असंही सोडणार नाहीच, मग हळदीच्या चिमटीनं काय बिघडतंय?

तेव्हा संस्थेकडं जीप होती.

जीप नसती तर ही केस दुसऱ्या तारखेलाच मेली असती. कोर्टाचं समन्स मैंदर्गीच्या घराच्या पत्त्यावर जायचं, आणि घराला दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंत कुलूप. मेंढरांमागं निघालेल्या माणसाचा पत्ता रोज बदलतो. आज या शेतात तळ, उद्या त्या. शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवतात, दोन रात्री झाल्या की पुढं. मोबाइल होता तो मायाक्काच्या दिराकडं, आणि त्याला रेंज लागली तर लागली. मग तारीख जवळ आली की महानंदा आणि ड्रायव्हर अल्लाउद्दीन निघायचे. चहाच्या टपरीवर विचारायचं, पाटावर धुणं धुणाऱ्या बायकांना विचारायचं, मैंदर्गीचा तळ कुठं बसलाय? अल्लाउद्दीन कंटाळला की म्हणायचा, “मॅडम, आरोपी मिलते, फरारी बी मिलते, ये बकरीवाले नै मिलते!” पण मिळायचे. मायाक्का घोंगडं झटकून जीपमध्ये बसायची, कोर्टात यायची, आणि बहुतेक वेळा पुढची तारीख पडायची.

परतताना ती एकच सांगायची. “तू समोर दिसलीस की घसा मोकळा हुतो. न्हायतर त्या काळ्या कोटांकडं बगून जीब टाळ्याला चिकटती.”

आता पैशांचं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. केंद्राला पैसे पुण्याच्या एका मोठ्या संस्थेकडून येत, आणि त्या संस्थेला परदेशातून. करोनाच्या सालात दिल्लीत कायदा बदलला. ज्या संस्थेनं परदेशी पैसा घेतला तिनंच तो वापरायचा, दुसऱ्या संस्थेला द्यायचा नाही. धरणात पाणी आहे, शेताला तहान आहे, आणि मधला पाट बुजवून टाकलाय, असा प्रकार. केंद्रानं स्वतःच्या नावानं परवानगी मागितली. अर्जाला दोन पावसाळे उत्तर नाही, आणि आलं ते नकाराचं. का नाही, हे विचारायला सर दिल्लीला जाऊन आले. तिथं त्यांना कुणी ताकास तूर लागू दिली नाही.

गावातल्या देणगीदारांनी तर आधीच हात आखडते घेतले होते. शाळेला देऊ, अन्नछत्राला देऊ. पोलिसांविरुद्धच्या केसला? “सर, आम्हाला धंदा करायचाय हो,” एक चादरीचा व्यापारी म्हणाला, आणि वर सरांनाच चहा पाजून पाठवलं. जीप पुण्याची होती, ती पुण्याला गेली. अल्लाउद्दीन स्टेशनवर रिक्षा चालवायला लागला. महानंदानं मायाक्काला दिराच्या फोनवर एवढंच सांगितलं, “गाडी गेली गं. पण बघू काहीतरी.”

बघू! काय सोपा शब्द आहे. म्हणणारा म्हणतो आणि विसरतो.

केंद्राला कुलूप लागायचंच होतं, तेवढ्यात एक फाउंडेशन धावून आलं. कंपनीचं होतं, पैसा देशीच, कायद्यात बसणारा. प्रकल्प अधिकारी म्हणून दिपाली नावाची तरतरीत मुलगी आली, सगळ्यांना ‘नमस्ते मॅडम’ करत फिरली, आणि जाताना हमीपत्राचा नमुना ठेवून गेली. शिवणवर्ग चालवायचे, स्वच्छतेवर बोलायचं. संस्थेच्या कुठल्याही माणसानं आंदोलन, तक्रार, कोर्टकचेरी यांत भाग घ्यायचा नाही, कुठल्याही साक्षीदाराबरोबर न्यायालयाच्या आवारात उभं राहायचं नाही. आणि पाटीवरून ‘मानवी हक्क’ काढायचं. दिपालीला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. ती म्हणाली, “मॅडम, शब्दच तर आहे. काम तुम्ही करतच राहणार ना?”

शरणबसव सरांनी ते कागद दोन दिवस टेबलावर तसेच ठेवले. जुने वकील, सत्तरी उलटलेली. तिसऱ्या दिवशी त्यांनी महानंदाला बोलावलं.

“महानंदाबाई, तुमचीही सही लागेल.”

“नाही केली तर?”

“तर कुलूप. फोन बंद. उद्या मार खाऊन दारात आलेली बाई खालच्या मेडिकलवाल्याला विचारून परत जाईल.”

“आणि केली तर?”

“दार उघडं राहील.”

“नुसतं दार,” महानंदा म्हणाली.

सर चष्मा काढून पुसत बसले, आणि तो आधीच स्वच्छ होता. महानंदानं सही केली. संस्थेसाठी केली, हे खरंच. पण नवऱ्याचे माग भंगारात निघाल्यापासून घर तिच्याच पगारावर होतं, हेही त्या सहीत होतं. खोटं कशाला सांगा.

आठवड्यात पेंटर येऊन पाटी बदलून गेला. ‘सोबत महिला कौशल्य केंद्र’. जुन्या अक्षरांवर पांढरा हात एकच मारला होता, त्यामुळं ऊन पडलं की ‘हक्क’ खालून दिसायचं. महानंदा जिना चढताना वर बघायचं टाळायची.

माघ सरत आला तेव्हा बिरुदेव आला, मायाक्काचा दीर. शिलाई मशिनांची खोकी नुकतीच उतरली होती. त्यांच्यातून घोंगडं सावरत तो टेबलापाशी आला आणि उभाच राहिला.

“बसा की, बिरुदेव.”

“बसाया न्हाय आलो, बाई. तुमचा भंडारा उतरवा, येवढंच सांगाया आलोय.”

महानंदाच्या हातातली कात्री तशीच राहिली.

“आमी समदे माळशिरसाकडं हाय,” तो म्हणाला. “ऊस तुटलाय, वाडं खायाला हाय, शेतकरी मेंढरं बसवाया बोलीवत्यात. आन् वहिनी मैंदर्गीच्या माळावर बसलीया. एकटी. आपल्या वाटणीची मेंढरं घिऊन. तितं कुसळ ऱ्हायलं न्हाय.”

“पण का?”

“का मंजी? तुमची गाडी येत न्हाय म्हणून! लांब ग्येले तर हुडकाया कोण येनार, तारीख चुकंल, म्हणती. हितनं चालत कोर्टात जाता येतंय, म्हणती. मेंढरं मराया लागल्यात, बाई. समोरच्यांनी माणूस धाडला हुता. चराईला रान देतो म्हणत्यात, पैकाबी देत्यात. पोरगं तर काय माघारी येनार न्हाय. मी म्हटलं, मिटीव, मग तुजी मेंढरं माज्यात घालतो. तर म्हणती, भंडारा उचललाय. त्या बाईनंबी उचललाय, ती येनार.” भिंतीवरच्या शिवणवर्गाच्या चित्राकडं त्यानं बघितलं. “तुमी येनार हाय का?”

ती येणार नव्हती. हमीपत्रावर तिची सही होती, आणि हा माणूस तिच्यापुढं उभा राहून सरळ विचारत होता. महानंदानं कात्री खाली ठेवली. “मी भेटते तिला,” एवढंच ती म्हणाली. बिरुदेवनं मान हलवली आणि खोक्यांमधून वाट काढत निघून गेला.

दुसऱ्याच दिवशी तिनं रजा टाकली आणि अक्कलकोटवरून मैंदर्गी गाठली. माळावर पोचली तेव्हा मायाक्का आकडी लावलेल्या काठीनं बाभळीच्या शेंगा पाडत होती आणि मेंढरं तिच्या पायांत घुटमळत होती. लोकर जागोजाग झडलेली, बरगड्या दिसत होत्या. एक कोकरू आईला ढुसण्या देऊन देऊन दमलं होतं, आणि आई बाजूला सरत होती, कारण तिच्या सडात काही नव्हतं. हे सगळं आपल्या ‘बघू’मुळं, असं महानंदाला वाटलं, आणि तिला कुठं बघावं कळेना.

“बा यव्वा, कुंदरु,” मायाक्कानं कानडीत बसायला सांगितलं आणि घोंगडं अंथरलं. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पुढं ठेवली. माळाला कुसळ नसलं तरी पाहुण्याला भाकरी चुकत नाही.

महानंदानं भाकरीचा तुकडा मोडून तसाच ठेवला. तिनं सगळं सांगून टाकलं. पुणं, दिल्ली, कायदा, फाउंडेशन. मायाक्का शेंगा निवडत ऐकत होती. मधेच म्हणाली, “मंजी त्यांचं खायाचं, तर माज्याजवळ उबं ऱ्हायाचं न्हाय.”

“तसंच.”

“आन् न खाता?”

“न खाता संस्था बंद. मग कुणाजवळच उभं राहता येणार नाही.”

मायाक्कानं थोडा विचार केला. “आमच्या मेंढरावानीच हाय की तुमचं. ज्याच्या रानात बशिवली, त्याच्याच रानात लेंडी टाकायची.”

ती हसली. टोमणा नव्हता तो, तिला ते खरोखरच तसं दिसलं होतं. महानंदाला टोमणा चालला असता.

“तू माळशिरसला जा, मायाक्का. तारखेला एसटीनं ये.”

“आन् मेंढरं? दीर ठिवून घेत न्हाय. यष्टीत घेत्यात व्हय मेंढरं?”

“मग मिटव.” हे आपल्याच तोंडातून आलं, यावर महानंदाचा विश्वास बसेना.

मायाक्कानं मान वर केली. हातातल्या शेंगा खाली ठेवल्या. मग शांतपणे म्हणाली, “मी खिडकीतनं बगितलंय, बाई. त्यो माज्याकडं बगत हुता. मी मिटविलं तर त्येनं कुणाकडं बगायचं?”

कोकरू आता आईला सोडून महानंदाच्या पदराला चोखत होतं. तिनं पदर सोडवला नाही. “मला तरी मोकळी कर,” ती म्हणाली. “तू म्हणालीस तर भंडारा उतरेल. म्हण की, उतरला म्हणून. मला रात्री झोप नाही गं.”

“मी कोण उतरीवनार? माज्या हातावर उचललास व्हय? द्येवाफुडं उचललास.” तिच्या बोलण्यात राग नव्हता. “तुजं तू बग. मी तर चालत येनार.”

निघताना मायाक्कानं रीतीप्रमाणं पिशवीतून चिमूटभर भंडारा काढून महानंदाच्या कपाळाला लावला. बसमध्ये महानंदानं रुमाल काढला, हातात धरला, आणि सोलापूर येईपर्यंत तसाच धरून बसली.

तारखेच्या दिवशीच शिवणवर्गाचं उद्घाटन आलं. मुंबईच्या पाहुण्यांच्या सोयीनं दिवस दिपालीनं ठरवला होता. महानंदाकडं दुसरा दिवस मागायला कारण होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. सकाळी बायका नव्या साड्या नेसून मशिनांपुढं बसल्या. समई लागली. पाहुण्यांचं भाषण सुरू झालं आणि महानंदा शालींचं ताट घेऊन खिडकीपाशी उभी राहिली. इथून कोर्ट चालत जाण्यासारखं. पण तिला ते आज फार लांब वाटत होतं.

आणि एकाएकी खालून हॉर्नचा कल्लोळ उठला. बस, रिक्षा, ट्रक, सगळे एकदम. त्या गदारोळातून बारीक बें-बें ऐकू आलं. बायका उठून गॅलरीत गेल्या, पाठोपाठ पाहुणेही गेले. सात रस्ता मेंढरांनी भरून गेला होता. झडलेल्या लोकरीची, धुळीनं माखलेली मेंढरं वाट चुकल्यासारखी गोल फिरत होती, ट्रॅफिकचा हवालदार शिट्टी फुंकून बेजार झाला होता, आणि मधोमध मायाक्का. पायांना चिंध्या बांधलेल्या. एका काखेत ते कोकरू, दुसऱ्या हातात काठी. मैंदर्गीहून ती कधी निघाली, कुठं मुक्काम केला, कुणी पाणी दिलं, देव जाणे.

“वॉव, किती छान! अजून आहे हे तुमच्याकडं?” पाहुण्या बाईंनी मोबाइल काढला.

मायाक्कानं वर बघितलं नाही. पाटीकडं नाही, गॅलरीकडंही नाही. ती बघते की काय या भीतीनं महानंदा आधी खांबाआड सरकली होती, आणि तिनं बघितलंच नाही म्हटल्यावर पुन्हा पुढं आली. ही बाई आपल्याला हाकही मारणार नाही. सरळ जाईल, आणि कोर्टाच्या दाराशी अडेल, कारण मेंढरं कुठं सोडणार? पुकारा होईल, साक्षीदार गैरहजर लिहिलं जाईल, आणि ज्यांनी माणूस धाडला होता ते घरी जाऊन जेवतील.

महानंदानं शालींचं ताट शेजारच्या बाईच्या हातात दिलं. सरांनी पाहिलं. त्यांनी फक्त मान दुसरीकडं वळवली, आणि ती जिना उतरली.

रस्त्यात महानंदानं पुढं होऊन रिक्षा थांबवल्या, मेंढरं वळवली. कोर्टाच्या कुंपणाबाहेर कडुनिंबाखाली थोडी मोकळी जागा होती, तिथं ती जमा केली. मायाक्कानं पदरानं तोंड पुसलं आणि फाटकाकडं बघितलं. तिचे ओठ कोरडे पडले होते.

“आत येतीस?”

महानंदानं मेंढरांकडं बघितलं. “हे सोडून कशी येऊ?”

खरंच होतं. मेंढरं होती म्हणून ती आत जाऊ शकत नव्हती. मेंढरं नसती तर सही होती म्हणून जाऊ शकत नव्हती. आणि मेंढरांचं कारण पुढं करता आलं, याचं तिला क्षणभर बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याचीच तिला शिसारी आली.

मायाक्कानं काठी तिच्या हातात दिली, कोकरू दिलं, आणि एकटी फाटकातून आत गेली. तिच्या चिंध्या बांधलेल्या पावलांचे धुळकट ठसे फरशीवर उमटत गेले, आणि पट्टेवाल्यानं कपाळाला आठी घातली. महानंदा जाळीला नाक लावून बघत राहिली. दगडी भिंतीपलीकडं काय चाललंय, तिला दिसायचा प्रश्नच नव्हता. या बाजूला जाळी, त्या बाजूला रस्ता, पायांत मेंढरं. कधीकाळी जीप घेऊन जिल्हाभर फिरलेली ही बाई आता हातभर जागेत उभी होती आणि तिला कुणीकडंच हलता येत नव्हतं.

थोड्या वेळानं दिपाली धापा टाकत आली. “मॅडम, पाहुणे विचारतायत! आणि तुम्ही इथं? कोर्टाच्या आवारात? हमीपत्रात...”

“मी कुंपणाच्या बाहेर आहे. बघ.”

दिपालीनं कुंपण बघितलं, मेंढरं बघितली, महानंदाच्या काखेतलं कोकरू बघितलं. पोरगी वाईट नव्हती. तिचा चेहरा उतरला. “कुणाची आहेत ही?”

महानंदानं सांगितलं. फार नाही, चार वाक्यं. सिदू, खिडकी, आज साक्ष. दिपाली ओठ चावत उभी राहिली. मग तिनं हळूच मोबाइल काढला.

“मी फोटो काढते, मॅडम. ‘मेंढपाळ महिलांशी संवाद’ असं लिहिते. नाहीतर मला हे वर कसं दाखवायचं?” तिचा आवाज रडवेला झाला होता. “जरा हसाल का?”

महानंदा हसली. असल्या दिवशी हसायला सांगितलं आणि तेही तिनं केलं. फोटो निघाला, आणि दिपाली डोळे पुसत परत गेली.

ऊन उतरायला लागलं. एक मेंढी कुणाच्या तरी स्कूटरचं सीट चाटत होती, तिला हाकलायला महानंदा वळली, आणि पुन्हा फाटकाकडं बघितलं तर मायाक्का बाहेर येत होती. चालणं नेहमीचंच, सावकाश. चेहऱ्यावरून काही कळेना.

“तारीख पडली?”

“न्हाय.”

“बोललीस?”

“बोलले. समदं. खिडकी, पोलिसांचा पट्टा, त्येचं बगणं. कुणी काय काय इचारलं, समद्याला बोलले.” ती खाली बसली आणि मेंढरं आपणहून तिच्याभोवती गोळा झाली. “आदी जीब चिकटली. मी हिकडं तिकडं बगितलं, तू कुटं दिसतीस का. सवय हुती. मग म्हटलं, ती न्हाय. आता घसा मोकळा व्हवो न व्हवो.”

महानंदाला रडू आलं. पाच वर्षं ज्या दिवसासाठी घालवली तो दिवस झाला होता, नीट झाला होता, आणि ती तिथं नव्हती. “बरं झालं गं,” ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. “फार बरं झालं, मायाक्का.”

“त्येंचा वकील लई उड्या मारत हुता,” मायाक्का पुढं सांगू लागली. “म्हणला, बाई, तुला ह्ये समदं एका संस्थेनं पढीवलंय. परदेशाचा पैका घेत्यात, आन् तुज्यासारक्यांना गाडीत घालून आणत्यात. म्हणला, आजबी तुला त्यांनीच आणली का न्हाय? मी म्हटलं, पाय बगा माजं. गाडीतनं आल्यावर असं हुत्यात व्हय?”

“मग?”

“मग साहेबांनीच इचारलं. जजसाहेबांनी. बाई, तुज्यासंगं कोण आलंय? मी म्हटलं, माज्यासंगं कुणीबी न्हाय.” तिनं कोकरू महानंदाच्या काखेतून घेतलं. “त्यांनी तसं लिवून घेतलं. मग त्यो वकील गप बसला.”

केस वाचली होती. महानंदा जवळ उभी नव्हती म्हणूनच वाचली होती. खूश व्हायला हवं होतं, आणि ती नुसती मेंढरं मोजत राहिली.

मायाक्कानं काठी घेतली. उठली, पण निघाली नाही. तिच्या तोंडावर आता पहिल्यांदाच काळजी दिसली. साक्ष देताना नसेल ती, एवढी.

“बाई, एक इचारू? आत गेल्यावर त्यांनी माज्याकडनं म्हणवून घेतलं. ईश्वराची शपथ घेऊन खरं सांगीन. त्येच्या आदी मी भंडाराबी उचललाय, खरं बोलीन म्हणून. दोनदोन शपता. आन् मी म्हटलं, माज्यासंगं कुणी न्हाय. तू तर हितं भाईर माजी मेंढरं राकत हुतीस.” ती जाळीच्या अलीकडं पलीकडं बघत राहिली. “तूच सांग आता. मी खोटं बोलले का?”

नाही म्हणावं, तर मायाक्का खरंच एकटी होती, म्हणजे महानंदानं उचललेला भंडारा मोडला. हो म्हणावं, तर मायाक्कानं उचललेला. संध्याकाळच्या गर्दीत रिक्षावाले हॉर्न वाजवत होते, मेंढरं हलायला मागत होती, आणि मायाक्का काठी टेकून उत्तराची वाट बघत उभी होती.